लॉगिन मॅनेजर हवाच का? लिनक्स डेस्कटॉपच्या एका जुन्या वादाचा आढावा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अजून धडधाकट असलेले संगणक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, वाचनालयांत आणि घरोघरी पडून आहेत. अशा यंत्रांवर लिनक्स टाकण्याचा विचार सुरू झाला की फेडोरा, उबुंटू की डेबियन यावर चर्चा रंगते. त्यानंतरचा एक प्रश्न लहान दिसतो, पण गेली तीस वर्षे तो पुन्हा पुन्हा डोके वर काढत आला आहे. संगणक चालू केल्यावर नाव-पासवर्ड विचारणारा रंगीत पडदा मुळात लागतो का? काळ्या पडद्यावर टेक्स्टमध्ये लॉगिन करून, एक कमांड देऊन थेट डेस्कटॉप उघडला तर काय बिघडते? वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातील वालचंद लिनक्स युजर्स ग्रुपसारखा विद्यार्थ्यांचा गट ज्या सांगलीत आहे, तिथे हा प्रश्न परका नाही. साताऱ्यातल्या एखाद्या वाचनालयाच्या सूची-संगणकासाठी तर तो थेट व्यवहाराचाच आहे.

चार कामे, एक नाव

वादाच्या दोन्ही बाजू 'लॉगिन मॅनेजर' हे एकच नाव घेऊन बोलतात आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. जीडीएम, एसडीडीएम, लाइटडीएम किंवा जुना एक्सडीएम, यांपैकी कोणताही प्रोग्राम घेतला तरी तो किमान चार वेगळी कामे करतो. चित्रांचा पडदा सांभाळणारा सर्व्हर तो सुरू करतो. समोर बसलेली व्यक्ती कोण आहे हे पॅम या यंत्रणेच्या मदतीने पडताळतो. त्या व्यक्तीचे सत्र उभारतो, म्हणजे भाषा, कीबोर्ड, डी-बस, पासवर्डांची तिजोरी आणि निवडलेले डेस्कटॉप जागच्या जागी आणतो. शेवटचे काम पडदा कुलूपबंद करणे, एका वापरकर्त्याकडून दुसऱ्याकडे जाणे आणि सत्र संपल्यावर पुन्हा दारावर उभे राहणे, हे होय. लॉगिन मॅनेजर काढून टाकला म्हणून यांपैकी एकही काम नाहीसे होत नाही. ते टेक्स्टमधल्या लॉगिन प्रोग्रामकडे, शेलच्या प्रोफाइल फाइलकडे, सिस्टिमडीकडे किंवा वापरकर्त्याने स्वतः लिहिलेल्या चार ओळींकडे जाते. म्हणून 'हवा की नको' या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. कोणते काम कोणाकडे सोपवायचे आणि त्या यंत्रावर कितीजण बसणार, हे ठरले की उत्तराचा बराचसा भाग आपोआप ठरतो. पुढे ज्या भूमिका येतील त्या याच चौकटीत तपासल्या आहेत.

पूर्वपीठिका

एक्स विंडो सिस्टिमचा जन्म १९८४ मध्ये एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनात झाला. आज ओळखीची असलेली तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये आली. तेव्हा एक्स सुरू करायची पद्धत साधी होती. टेक्स्टमध्ये लॉगिन करायचे आणि एक्सइनिट चालवायचा. तो एक्स सर्व्हर उठवी आणि सोबत वापरकर्त्याने सांगितलेला पहिला प्रोग्राम. स्टार्टएक्स ही कमांड म्हणजे याच एक्सइनिटभोवतीचे सोयीचे आवरण. पहिला लॉगिन मॅनेजर एक्सडीएम १९८८ मध्ये आला. कीथ पॅकार्ड यांनी तो लिहिला, त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. त्या काळी विद्यापीठांत एक्स टर्मिनल नावाची यंत्रे येऊ लागली होती. त्यांना स्वतःची डिस्क नसे आणि टेक्स्टमध्ये लॉगिन करण्याजोगी स्वतःची कार्यप्रणालीही नसे. नेटवर्कवरच्या मोठ्या संगणकाने त्यांच्या पडद्यावर लॉगिनची खिडकी पाठवणे भाग होते. लगेच पुढच्या आवृत्तीत त्यासाठी एक्सडीएमसीपी हा स्वतंत्र प्रोटोकॉलही तयार झाला. थोडक्यात, लॉगिन मॅनेजर सामायिक प्रयोगशाळेच्या गरजेतून जन्मला. एका माणसाच्या टेबलावरच्या संगणकाचा विचार त्यामागे नव्हता.

लिनक्स १९९१ मध्ये आले ते मात्र नेमके याच एकट्या संगणकावर. सुरुवातीच्या वितरणांत टेक्स्ट लॉगिन हाच नियम होता. स्लॅकवेअरने तो अजून सोडलेला नाही. तिथे रनलेव्हल ३ हा मूळ आणि ४ हा चित्रमय लॉगिनचा. रेड हॅटने ३ आणि ५ असे आकडे ठरवले, आणि इनिटॅब या फाइलमधला पाचाचा तीन करणे ही एका पिढीच्या लिनक्सकरांची पहिली 'सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' ठरली. ब्रॉडबँड येण्याआधी सांगली-कराडसारख्या ठिकाणी लिनक्स पोचण्याचा हुकमी मार्ग सीडीचा होता. पीसीक्वेस्टसारख्या मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकायचे, मग ग्राफिक्स कार्ड ओळखले गेले नाही म्हणून काळ्या पडद्यासमोर बसायचे, हा त्या काळचा सार्वत्रिक अनुभव. स्टार्टएक्स तेव्हा कोणी आवडीने निवडत नव्हते. एक्सची मांडणी जमली की नाही हे पाहायचे तेच एक साधन होते. लॉगिन मॅनेजर चालू ठेवून मांडणी चुकली, तर तो पुन्हा पुन्हा उठायचा, पडायचा आणि पडदा नुसता लुकलुकत राहायचा.

केडीई १.० जुलै १९९८ मध्ये आणि ग्नोम १.० मार्च १९९९ मध्ये आले. दोघांनी आपापले लॉगिन मॅनेजर आणले आणि चित्रमय प्रवेश हा सर्वसाधारण नियम झाला. २०१० मध्ये सिस्टिमडी सुरू झाला, त्यातून पुढे लॉगइनडी ही सेवा आली. कोण कोणत्या पडद्यासमोर बसले आहे, ध्वनी, ग्राफिक्स, यूएसबी यांवर आत्ता कोणाचा हक्क आहे, हे ती ठरवू लागली. टेक्स्टमधून केलेले लॉगिनही पॅममार्फत तिच्याकडेच नोंदले जाते. पूर्वी स्टार्टएक्स वापरणाऱ्याला आवाज येत नाही, पेन ड्राइव्ह जोडला जात नाही, संगणक बंद करायची परवानगी नाही, अशा तक्रारी सतावत. त्यांतल्या बहुतेकांना या बदलामुळे उत्तर मिळाले. 'लॉगिन मॅनेजरशिवाय डेस्कटॉप अर्धवट चालतो' हा आक्षेप दहा-पंधरा वर्षांपूर्वी खरा होता. आज तो तसाच्या तसा मांडणे योग्य नाही.

'नको' म्हणणाऱ्यांची बाजू

या बाजूचा पहिला मुद्दा हलकेपणाचा. जुन्या यंत्रावर प्रत्येक सेवा भार वाटते, आणि जीडीएमचा लॉगिन पडदा म्हणजे तर स्वतः ग्नोम शेलच असते. एक्सएफसीई किंवा आय-थ्री चालवायचे म्हणून आणलेल्या यंत्रावर नाव विचारण्यापुरते ग्नोम शेल उठवणे उधळेपणाचे आहे, हे कोणीही मान्य करील. पण या मुद्द्याचा आवाका ओळखायला हवा. बचत मुख्यतः सुरू होण्याच्या काही क्षणांची आहे. डेस्कटॉप उघडल्यावर मागे राहणारी सेवा लहान असते. त्यानंतर स्मृती खाणारा खरा प्राणी म्हणजे ब्राउझर. शिवाय लाइटडीएम किंवा एक्सडीएम मुळात हलके आहेत. तेव्हा हलकेपणाच्या युक्तिवादातून 'जीडीएम नको' एवढेच सिद्ध होते, 'लॉगिन मॅनेजर नको' हे होत नाही.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. टेक्स्ट लॉगिनमध्ये काय कशानंतर घडते हे डोळ्यांसमोर असते. लॉगिन प्रोग्राम शेल सुरू करतो, शेल प्रोफाइल वाचतो, प्रोफाइलमधल्या अटीनुसार पहिल्या कन्सोलवर असल्यास स्टार्टएक्स चालतो आणि एक्सइनिटआरसी या फाइलमधली शेवटची ओळ डेस्कटॉप उठवते. काही अडले तर त्रुटीचा संदेश त्याच पडद्यावर दिसतो. लॉगिन मॅनेजरच्या मार्गाने गेले की प्रोफाइल फाइल वाचली जाईल की नाही हे वितरणानुसार, डेस्कटॉपनुसार आणि एक्स की त्याचा नवा पर्याय वेलँड यानुसार बदलते. 'मी पाथमध्ये घातलेली डिरेक्टरी टर्मिनलमध्ये दिसते पण मेनूतून उघडलेल्या प्रोग्रामला दिसत नाही' या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच सापडते. ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला असता टेक्स्टमध्ये उतरणारे यंत्र दुरुस्त करणे सोपे जाते, हाही याच मुद्द्याचा भाग.

तिसरा मुद्दा शिक्षणाचा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कर्नल, इनिट, गेटी, शेल, एक्स, विंडो मॅनेजर असे थर आहेत हे पुस्तकातून कळते, पण रंगीत पडदा हे सगळे थर झाकून टाकतो. एकेक थर हाताने उठवून पाहिला की ऑपरेटिंग सिस्टिम या विषयातला बराच भाग प्रात्यक्षिकाने समजतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाने लिनक्सच्या मूलभूत कमांडचे धडे मराठीतही उपलब्ध केले आहेत. त्यामुळे टर्मिनल म्हणजे इंग्रजी माध्यमातल्यांची मिरास, अशी स्थिती आता नाही. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असो वा राजारामनगरचे राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अशा संस्थांच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग करून पाहण्यात काहीच अवघड नाही. मात्र शिकण्यासाठी एकदा करणे वेगळे आणि रोजच्या वापरासाठी तसे ठेवणे वेगळे. मोटारीचे इंजिन उघडून शिकलेला माणूस रोज बॉनेट उघडे ठेवून गाडी चालवत नाही.

चौथा युक्तिवाद नव्या काळातला आहे. लॅपटॉपची पूर्ण डिस्क कूटबद्ध केलेली असेल तर सुरू होतानाच तो डिस्कचा पासवर्ड मागतो. त्यानंतर काही सेकंदांत त्याच माणसाला दुसरा पासवर्ड विचारून काय साधते? एकट्याच्या यंत्रावर पहिल्या कन्सोलचे आपोआप लॉगिन ठेवून थेट डेस्कटॉप उघडावा, असे हे लोक सुचवतात. हे म्हणणे तर्काला धरून आहे, पण एका अटीवर. यंत्र झोपवून उठवल्यावर आणि थोडा वेळ सोडून गेल्यावर कुलूप लागलेच पाहिजे. दुसरे काम टाळायचे तर चौथे काम दुप्पट काळजीने करावे लागते.

'हवा' म्हणणाऱ्यांची बाजू

इथला मुख्य मुद्दा माणसांच्या संख्येचा आहे. प्रयोगशाळेत एकाच यंत्रावर सकाळची तुकडी, दुपारची तुकडी, मध्येच प्रकल्पाचे विद्यार्थी असे अनेकजण येतात. कोणाला ग्नोम हवे, कोणाला एक्सएफसीई. सत्र संपल्यावर यंत्र पुढच्याची वाट पाहत पुन्हा दारावर आले पाहिजे, आणि कोणी सत्र उघडे टाकून गेले तर दुसऱ्याला ते न मोडता स्वतःचे उघडता आले पाहिजे. ही सगळी कामे लॉगिन मॅनेजर करतो, कारण तो मुळात त्यासाठीच जन्मला. स्टार्टएक्सने ती करता येत नाहीत असे नाही. पण प्रत्येक वापरकर्त्याच्या घरात एक्सइनिटआरसी लिहून ती सांभाळणे, म्हणजे प्रयोगशाळा सहायकाच्या डोक्यावर न दिसणारे काम ठेवणे. 'एकदा लिहून ठेवले की झाले' असे उत्तर यावर दिले जाते. लिहिणारा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडल्यावर पुढच्या अद्ययावतीकरणात त्या ओळी कोण वाचणार, याचे उत्तर त्यात नसते.

दुसरा मुद्दा सत्र उभारणीचा. डेबियनमध्ये स्वतःचा एक्सइनिटआरसी लिहिला नसेल तर स्टार्टएक्स वितरणाच्या सामायिक एक्ससेशन फाइली वाचतो. स्वतःचा लिहिला आणि त्यात त्या फाइलींचा उल्लेख केला नाही, तर त्यांतली सगळी तयारी वगळली जाते. डी-बसला पडद्याची माहिती मिळत नाही, पासवर्डांची तिजोरी आपोआप उघडत नाही, इनपुट मेथड सुरू होत नाही. प्रत्येकाला उपाय आहे. टेक्स्ट लॉगिनच्या पॅम मांडणीत एक-दोन ओळी घातल्या तर ग्नोम कीरिंगही लॉगिनबरोबर उघडते. पण वितरणाने तपासून दिलेली यादी सोडून आपली यादी लिहिली की ती पूर्ण आहे की नाही हे बिघाड झाल्यावरच कळते.

सुरक्षितता : दोन्ही पारड्यांत पुरावे

या मुद्द्यावर दोन्ही बाजू ठाम बोलतात, आणि दोघांकडे खरे दाखले आहेत. पूर्वी सामान्य वापरकर्त्याला स्टार्टएक्स चालवता यावे म्हणून एक्स सर्व्हरला सेट-यूआयडी रूट ठेवावे लागे, म्हणजे कोणीही चालवला तरी तो रूटच्या अधिकाराने चाले. २०१८ मध्ये नरेंद्र शिंदे यांनी दाखवलेल्या त्रुटीने याची किंमत स्पष्ट केली. एक्स सर्व्हरला दिल्या जाणाऱ्या पर्यायांच्या तपासणीतली चूक वापरून स्थानिक वापरकर्ता नको त्या फाइलवर लिहू शकत होता आणि त्यातून रूट होऊ शकत होता. लॉगिन मॅनेजर स्वतः रूट म्हणून एक्स उठवत असल्यामुळे त्या व्यवस्थेत सेट-यूआयडीची गरज पडत नाही. 'हवा' म्हणणाऱ्यांचा हा बळकट मुद्दा होता. तो आज पुष्कळ बोथट झाला आहे, कारण २०१४ च्या एक्सऑर्ग १.१६ पासून लॉगइनडीच्या मदतीने रूटशिवाय एक्स चालवणे शक्य झाले. डेबियनने सेट-यूआयडीचे आवरण वेगळ्या पॅकेजमध्ये बाजूला काढले. अगदी जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर मात्र ते अजून लागू शकते, आणि आपण बोलतो आहोत ती यंत्रे जुनीच आहेत.

दुसऱ्या पारड्यातला दाखला २०२० चा. केव्हिन बॅकहाउस यांनी उबुंटूमधल्या जीडीएमची एक गमतीदार वाटावी अशी त्रुटी उघड केली. खात्यांची माहिती देणारी सेवा अडवून ठेवली की जीडीएमला वाटे, या यंत्रावर एकही वापरकर्ता नाही. मग नव्या यंत्रावर जसे विचारतात तसे 'पहिले खाते तयार करा' म्हणून तो विचारी, आणि ते खाते प्रशासकाचे असे. कोड जितका जास्त तितक्या फटी जास्त, हे 'नको' म्हणणाऱ्यांचे तत्त्व त्यातून सिद्ध होते. पण दोन दाखल्यांतून दोन तत्त्वे निघतात आणि दोन्ही खरी आहेत. त्यामुळे त्रुटींची यादी वाढवून हा वाद मिटणार नाही.

रोजच्या वापरातला धोका याहून साधा आहे. टेक्स्टमधून स्टार्टएक्स दिला की मागे शेल तसाच उघडा राहतो. पूर्वी एक्स सातव्या कन्सोलवर चाले आणि शेल पहिल्यावर राही. पडद्याला कुलूप असले तरी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ१ दाबून कोणीही पहिल्या कन्सोलवर जाई आणि एक्स थांबवून मालकाच्या शेलमध्ये शिरे. आता रूटशिवायचा एक्स त्याच कन्सोलवर चालतो, त्यामुळे हा सोपा मार्ग बंद झाला. तरी एक्स कोसळला तर पडदा पुन्हा उघड्या शेलवरच येतो. स्टार्टएक्सच्या आधी एक्झेक हा शब्द लावला की शेलची जागा स्टार्टएक्सच घेतो आणि तो संपल्यावर लॉगिनच येते. उपाय एका शब्दाचा आहे. पण तो शब्द लिहायला विसरलेल्यांसाठी लॉगिन मॅनेजर ही चूक होऊच देत नाही, हेही तितकेच खरे.

मराठीचा पेच

आतापर्यंतचा वाद जगात कुठेही असाच होतो. मराठी वापरकर्त्यासाठी मात्र त्यात एक मुद्दा वाढतो, आणि माझ्या मते तो हलकेपणा किंवा सुरक्षिततेपेक्षाही निर्णायक आहे. लिनक्स कर्नलचा टेक्स्ट कन्सोल एका वेळी जास्तीत जास्त ५१२ चिन्हे दाखवू शकतो आणि प्रत्येक चिन्ह ठरलेल्या मापाच्या चौकटीत बसवतो. देवनागरीला नुसती अक्षरे पुरत नाहीत. वेलांटी आधी सरकावी लागते, रफार वर चढवावा लागतो, जोडाक्षर घडवावे लागते. हे काम करणारी यंत्रणा त्या कन्सोलमध्ये नाही. म्हणून डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडायची तर चित्रमय इन्स्टॉलरच लागतो. टेक्स्ट इन्स्टॉलरच्या भाषांत मराठी दिसत नाही. यंत्राची भाषा मराठी करून टेक्स्टमध्ये लॉगिन केले तर पासवर्ड चुकल्याचा संदेश चौकोनांच्या रांगेत येऊ शकतो. पॅमच्या संदेशांचे मराठी भाषांतर झालेले आहे, तरी इथे ते वाचता येत नाही. जाणकार लोक प्रोफाइल फाइलमध्ये अट घालून कन्सोलपुरती भाषा इंग्रजी करतात आणि डेस्कटॉप उघडताना मराठी. म्हणजे लॉगिन मॅनेजर काढला की यंत्राचा पहिला पडदा इंग्रजीच राहणार.

यावर आक्षेप असा येईल की पासवर्ड तर रोमन लिपीतच असतो, मग वर 'लॉगिन' हा एक शब्द इंग्रजीत दिसला तर काय झाले? एकट्या, सरावलेल्या माणसासाठी काहीच झाले नाही. उलट लॉगिन मॅनेजरमध्ये कीबोर्ड चुकून देवनागरीवर राहिला की बरोबर पासवर्डही नाकारला जातो, हा त्रास टेक्स्टमध्ये नाही. पण गावातल्या वाचनालयात पहिल्यांदा संगणकासमोर बसणाऱ्याला काळ्या पडद्यावर लुकलुकणारी इंग्रजी ओळ जे सांगते ते मराठी बटणे असलेला पडदा सांगत नाही. रेड हॅटने खुले केलेले लोहित फाँट मूळचे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. सी-डॅकने भारतीय भाषांचा आधार समोर ठेवून बॉस लिनक्स तयार केले. केडीई-ग्नोमच्या मराठी भाषांतरावर स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे हात चालवला. हे सारे श्रम चित्रमय पडद्यावरच दिसतात.

टाइप करण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तिथे निवडीला वाव आहे. मराठीचे कीबोर्ड दोन मार्गांनी मिळतात. इनस्क्रिप्टसारखा मांडणीवर आधारलेला कीबोर्ड एक्सकेबीतच असतो. एक्सइनिटआरसीमध्ये एक ओळ लिहिली की तो चालू होतो, दुसरे काही लागत नाही. टाइपरायटरच्या धर्तीचा किंवा रोमनमधून लिहिण्याचा कीबोर्ड हवा असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स लागतो, आणि त्यांना काही एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल डेस्कटॉप उघडण्याआधी ठरवून द्यावी लागतात. वितरणाची सामायिक फाइल ती ठरवते. हाताने लिहिलेल्या एक्सइनिटआरसीत ती बहुधा सुटतात. 'स्टार्टएक्सने मराठी टाइप होत नाही' या समजामागे बहुतेक वेळा एवढेच कारण असते. तेव्हा इनस्क्रिप्टच्या सरावाच्या माणसाला लॉगिन मॅनेजर नसल्याने टाइप करण्यात काही कमी पडत नाही. इतरांनी स्वतःची फाइल लिहिताना वितरणाच्या फाइलीला आत घेणे हाच सुरक्षित मार्ग.

वेलँडने बदललेली मांडणी

क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँडने वादाची भाषाच बदलली. वेलँडमध्ये वेगळा सर्व्हर आणि वेगळा विंडो मॅनेजर असा भेद राहत नाही. दोन्ही कामे कंपॉझिटर करतो. त्यामुळे स्टार्टएक्सला थेट पर्याय नाही आणि त्याची गरजही नाही. टेक्स्टमध्ये लॉगिन करून कंपॉझिटरचे नाव टाइप केले की डेस्कटॉप उघडतो. स्वे या कंपॉझिटरने आपल्या सूचनांत कन्सोलवरून सुरू करणे हाच मार्ग दिला आहे; लॉगिन मॅनेजर चालले तर चालतील, पण त्यांची जबाबदारी तो घेत नाही. केडीई प्लाझ्माही कन्सोलवरून एका कमांडने उठतो.

ग्नोमची वाट याच्या नेमकी उलटी. ग्नोमचे पडद्याचे कुलूप जीडीएमवर अवलंबून आहे. जीडीएम नसेल तर कुलूप लावता येणार नाही असे ग्नोम स्वतःच सांगते. सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ ने सिस्टिमडीवरचे अवलंबन आणखी वाढवले, आणि पुढच्याच महिन्यात आलेल्या उबुंटू २५.१० मध्ये ग्नोमचे एक्स सत्र मिळणे बंद झाले. म्हणजे प्रश्नाचे उत्तर आता वापरकर्त्याच्या तत्त्वापेक्षा त्याने निवडलेल्या डेस्कटॉपवर अधिक ठरते. ग्नोम घेतला तर वाद संपलाच, जीडीएम ठेवावा. दरम्यान मधली वाटही तयार झाली आहे. ग्रीटडी हा छोटा प्रोग्राम ओळख पटवणे आणि सत्र सुरू करणे एवढेच करतो आणि दिसणारा पडदा दुसऱ्यावर सोपवतो. तो पडदा टेक्स्टचा असो वा चित्रांचा. लाय नावाचा प्रोग्राम टेक्स्टमध्येच चालतो, पण सत्र निवडू देतो. चार कामे वेगळी करता येतात याचा हा चालता पुरावा, आणि 'लॉगिन मॅनेजर आहे की नाही' हा प्रश्न आता काळा-पांढरा राहिला नाही याचाही.

सातारा-सांगलीच्या यंत्रांवर

हे सारे तीन प्रकारच्या यंत्रांना लावून पाहता येते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लॉगिन मॅनेजर हवाच, फक्त तो हलका निवडावा; विद्यार्थ्यांनी टेक्स्टमधून डेस्कटॉप उठवण्याचे प्रात्यक्षिक केले तर त्यासाठी वेगळा कन्सोल नेहमीच उपलब्ध असतो. घरच्या एकट्याच्या जुन्या लॅपटॉपवर, डिस्क कूटबद्ध असेल आणि पडद्याच्या कुलपाची व्यवस्था नीट असेल, तर लॉगिन मॅनेजर काढण्यात गैर काही नाही. तिसरा प्रकार वाचनालयातल्या सूची-संगणकाचा. त्यावर फक्त पुस्तके शोधायची असतात, बहुधा कोहासारख्या प्रणालीचे एक पान ब्राउझरमध्ये उघडे ठेवायचे असते. तिथे वाचकाला नाव-पासवर्ड विचारायचाच कशाला? वीज जाऊन आली की यंत्राने स्वतः उठून तेच पान उघडावे, एवढीच अपेक्षा. अधिकार नसलेले एक खाते, आपोआप लॉगिन आणि केजसारखा एकच प्रोग्राम पूर्ण पडद्यावर दाखवणारा कंपॉझिटर, ही मांडणी इथे लॉगिन मॅनेजरपेक्षा सरस आहे. त्या खात्याला कन्सोल बदलता येऊ नये, ब्राउझरमधून फाइली उघडता येऊ नयेत, याची तजवीज मात्र वेगळी करावी लागते. ती न करता आपोआप लॉगिन ठेवणे म्हणजे दार काढून भिंत तशीच ठेवल्याचे समाधान.

न सुटलेले

काही गोष्टी अजून ठरायच्या आहेत. एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलची मांडणी कोणी करावी, शेलच्या प्रोफाइलने, लॉगिन मॅनेजरने की सिस्टिमडीच्या वापरकर्ता-सेवांनी, यावर वितरणांत एकमत नाही. नव्या आवृत्त्या तिसऱ्या पर्यायाकडे झुकत आहेत. तो स्थिरावला तर टेक्स्टमधून उठवलेले आणि लॉगिन मॅनेजरमधून उठवलेले सत्र सारखेच वागू लागेल, आणि 'हवा' म्हणणाऱ्यांचा दुसरा मुद्दा गळून पडेल. ग्नोमचे कुलूप जीडीएमपासून सुटे होईल का, याचे उत्तर ग्नोमच्या विकसकांकडे आहे आणि आज तरी त्यांचा कल उलट दिशेचा दिसतो. मराठीच्या बाजूने सर्वांत अडलेला प्रश्न कन्सोलचा. कर्नलमधला कन्सोल बाजूला ठेवून तेच काम बाहेरच्या प्रोग्रामने करावे, असा प्रयत्न केएमएसकॉनच्या रूपाने बरीच वर्षे चालू आहे. तिथे ५१२ चिन्हांची मर्यादा राहत नाही आणि पँगोसारख्या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीची मदतही घेता येते. पण टर्मिनलची रचनाच ठरलेल्या चौकटीत एकेक अक्षर बसवण्याची असल्याने 'क्ष' किंवा 'र्‍य' त्या चौकटीत कसा मावणार, हे कोणत्याही टर्मिनलने अजून समाधानकारक रीतीने सोडवलेले नाही.